हिरव्या मण्याचा धोटा

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास उमरेडमधल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात ऋतुजा बारापात्रेने एक धोटा हातात घेतला. तो तिच्या वडिलांचा होता. शालिकराम बारापात्रे घरातून निघून गेले त्याला दोन वर्षं होत आली होती, आणि जाताना कपड्यांच्या थैलीखेरीज त्यांनी घरातली जी एकच वस्तू सोबत नेली होती, ती ही.

ओळखण्यात चूक होण्याचं कारण नव्हतं. धोटा म्हणजे होडीच्या आकाराचं वीतभर लाकूड. त्याच्या पोटात सुताची कांडी ठेवायची आणि ताण्याच्या, म्हणजे उभ्या, धाग्यांमधून तो इकडून तिकडे फेकायचा. सूत बाहेर यायला कुशीत एक भोक असतं. त्यात चिनीमातीचं बारीक कडं बसवतात, म्हणजे धागा घासत नाही. या धोट्यात कड्याच्या जागी हिरव्या काचेचा मणी होता. ऋतुजा सहावीत असताना कडं फुटलं, आणि लुगडं दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. बाबांनी तिच्या गळ्यातल्या माळेतला एक मणी मागून घेतला, लाखेने भोकात पक्का केला आणि म्हणाले, "उद्या काढून देतो." तो उद्या कधी आला नाही. पुढे तिला माळेची आठवण राहिली नाही.

या रविवारी ती कामावर होती. नागपुरात धरमपेठेत वैभवी मॅडमचं घरसजावटीचं ऑफिस आहे, तिथे ऋतुजा जुन्या वस्तू शोधून आणण्याचं काम करते. लोकांना नव्या घरात जुनं काहीतरी लागतं. कुणाला पितळेचा पाण्याचा गुंड हवा असतो, कुणाला कोरीव चौकट, कुणाला बंद पडलेला रेडिओ. या वेळचं काम एका कॅफेचं होतं. मालकाला भिंतीवर करवतकाठी लुगडी आणि मधोमध खराखुरा हातमाग हवा होता. उमरेड विणकरांचं जुनं गाव, म्हणून सकाळी सातला वैभवीने तिला नागपूरच्या बेसा भागातून गाडीत घेतलं आणि दोघी निघाल्या. आभाळ तीन दिवसांपासून भरून आलेलं होतं, पडत मात्र नव्हतं. रस्त्यावर कोळशाचे ट्रक होते आणि काचेवर काळी धूळ बसत होती.

दुकान म्हणजे बंद पडलेल्या तांदळाच्या गिरणीचं गोदाम. मालक मधुकरराव साठीचे, गळ्यात मफलर, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा. वैभवीने एका गुंडावर टिचकी मारली तसे ते पुढे आले.

"भोसल्यांच्या काळातला हाय, मॅडम."

"मागच्या वेळी इंग्रजांच्या काळातला होता," वैभवी म्हणाली.

"मंग काय, इंग्रज भोसल्याइच्याच मागून आले ना."

वैभवी हसली. ऋतुजाही हसली. मग मधुकररावांनी कोपऱ्यातली ताडपत्री बाजूला केली आणि खाली बांधून ठेवलेला माग दाखवला. लाकडं लांबीप्रमाणे लावलेली, प्रत्येक जोडाला चिंधी बांधलेली, ताण्याचे धागे ओवायची फणी जुन्या धोतरात गुंडाळलेली.

"हे जोडायचं कुणी?" वैभवीने विचारलं. "आमच्या सुताराला यातलं ओ की ठो कळणार नाही."

"ज्यानं खोलला त्यालेच बोलावतो ना. एक बुढा होता त्या घरी. असा बांधून देल्ला त्यानं, का शाळेतलं पोट्टंही जोडीन. लाल चिंधी लाल चिंधीले, पांढरी पांढरीले. सामान सगळं हाय. फणी हाय, धोटा हाय. तुमीच तं फोनवर सांगतलं होतं ना मॅडम, पुरा माग पायजे म्हून."

हे शेवटचं वाक्य ऋतुजाला उद्देशून होतं. संक्रांतीनंतर तिनेच फोन केला होता. सुटे तुकडे नकोत, धोट्यापासून फणीपर्यंत सगळं एकाच मागाचं हवं, असं तिने दोनदा बजावलं होतं. हल्ली लोक फोटो काढतात, खोटं लगेच उघडं पडतं.

धोटा फणीवर ठेवलेला होता. तिने उचलला, उलटा केला, आणि मणी दिसला.

वैभवी दाराच्या चौकटी पाहत होती. ऋतुजाने धोटा खाली ठेवला नाही. तिने मधुकररावांना विचारलं, "हा माग कुणाच्या घरचा?"

"कौसल्याबाईच्या. हे काय, मागच्या गल्लीत, विहिरीजवळ."

"आणि तो म्हातारा? त्यांच्यातलाच कुणी?"

"नाई वाटत. पाहुणा असन. मी जास्त इचारलं नाई. काहून, काई कमी हाय काय सामानात?"

"कमी काही नाही," ऋतुजा म्हणाली. "हा धोटा माझ्या बाबांचा आहे."

मधुकररावांनी खर्रा गालात सरकवला आणि तिच्याकडे पाहिलं. गिऱ्हाईक भाव पाडायला काय काय बोलतं ते त्यांनी जन्मभर ऐकलं होतं. हे त्यातलं नाही, एवढं त्यांना कळलं.

चौकटी सोडून आलेल्या वैभवीने विचारलं, "तुझे बाबा गावी असतात ना?"

असं ऋतुजा सांगत आली होती. नागपुरात टांडापेठेतल्या घरी आईही शेजारणींना हेच सांगायची, 'गावाले गेले.' कोणतं गाव, हे दोघींनी कधी ठरवलं नव्हतं.

"ते निघून गेलेत," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. मला त्या घरी जायचंय."

*

टांडापेठेतल्या घरात पुढच्या खोलीत माग होता. असा माग म्हटला की जमिनीत खड्डा आलाच. विणकर काठावर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडून खालच्या पट्ट्या दाबतो. शालिकराम त्या काठावर वयाच्या बाराव्या वर्षी बसले आणि सत्तरीपर्यंत उठले नाहीत. शेवटी शेवटी महिन्याला एखादं लुगडं निघे. मुलगा संजीव कोराडीला कंत्राटावर इलेक्ट्रिशियन. त्याला खोली हवी होती, आणि बाबांचे गुडघेही गेलेच होते. ते पवनीला लग्नाला गेले तेव्हा संजीवने ठरवलं की आता बाबांना आराम द्यायचा. त्याने भंगारवाल्याला बोलावलं, खड्ड्यात मुरूम भरला आणि वर टाइल बसवली. मागावर अर्धं विणलेलं लुगडं होतं. भंगारवाला थांबायला तयार नव्हता, म्हणून संजीवने ताणा ब्लेडने कापला.

कोष्ट्यांच्या घरात ताणा असा कापत नाहीत. लुगडं पुरं झालं तरी फणीत हातभर धागे राखून ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्या जुन्या टोकांना बांधतात. नवं लुगडं जुन्याला धरूनच चढतं. माग कधी रिकामा होत नाही. शालिकरामांच्या फणीत त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून ही गाठ सुटली नव्हती. संजीवला हे माहीत नव्हतं असं नाही. घरात जन्मलेल्या मुलाला ते माहीत असतं. पण त्याने कधी माग चालवला नव्हता, आणि जे नुसतं ऐकून माहीत असतं ते घाईत आठवत नाही.

लग्नाहून परतल्यावर बाबांनी चप्पल काढली, टाइलवरून चालत आत गेले आणि म्हणाले, "चांगली बसवली टाइल." महिनाभर ते जेवले, झोपले, दवाखान्यात जाऊन आले. मग एका सकाळी घरात नव्हते. कोनाड्यातला धोटाही नव्हता.

पोलिसांत तक्रार झाली. रामटेक, पवनी, आदासा, जिथे जिथे नात्यातलं कुणी होतं तिथे फोन झाले. यंदा जानेवारीत एका अनोळखी म्हाताऱ्याचा मृतदेह ओळखायला संजीवला बोलावलं. तो पाहून आला आणि म्हणाला की सांगता येत नाही. उंची तेवढी होती. चेहऱ्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं. त्यानंतर त्याची झोप गेली. शेवटी त्याने ठरवलं की येत्या शनिवारच्या अमावास्येला रामटेकच्या अंबाळा तलावावर बाबांच्या उत्तरक्रियेचा विधी करून टाकायचा. गुरुजींशी बोलणं झालं होतं. आईने हो म्हटलं नव्हतं. ती त्या विषयावर उठून आत जायची. ऋतुजाने कुणाचीच बाजू घेतली नव्हती.

आणि आता हा धोटा होता, आणि चिंध्या बांधून माग खोलणारा एक म्हातारा होता.

*

कौसल्याबाईंचं घर खालच्या कौलांचं. दाराशी रंगाचे दोन डबे ठेवले होते आणि आत ओल्या सिमेंटचा वास होता. पुढच्या खोलीत जमिनीवर एक चौकोन बाकी फरशीपेक्षा काळा दिसत होता. त्यावर पोती अंथरली होती. ऋतुजा उंबऱ्यातच थांबली. तो चौकोन काय आहे हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"त्याच्यावर पाय नोको देजा वं बाई," आतून आवाज आला. "वाळाचं हाय अजून."

कौसल्याबाई सत्तरीच्या आसपास असतील. भिंतीला हात लावत त्या बाहेर आल्या. वैभवीकडे पाहून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आमच्याकडं आता इकाले काई नाई राहिलं. होतं ते नेलं मधुकररावानं."

"विकत घ्यायला नाही आलो," ऋतुजा म्हणाली. तिने धोटा पुढे केला. "हा कुणी दिला, मावशी?"

कौसल्याबाईंनी तो हातात घेतला नाही. नुसता पाहिला.

"शालिकभाऊंचा हाय. तुले कोठी भेटला?"

ऋतुजाने सांगितलं की ती त्यांची मुलगी आहे. कौसल्याबाईंनी बाज पुढे ओढली.

"बस," त्या म्हणाल्या. "तू बी बस, बाई. तुले चालते ना बाजीवर?"

वैभवी बसली.

गेल्या दिवाळीनंतर, कौसल्याबाई सांगत होत्या, एक माणूस दाराशी उभा राहिला. मी मागावर होती. हात चालत नाई, डोळे चालत नाई, पण सुतारकीच्या पैशात माह्या पोराचं, रोयतचं, भागत नाई म्हून पंचे इनून राहिली होती. खटखट आयकून थांबला म्हणे. पाणी मांगतलं. पाणी पेलं अन् तेथीच उभा. मी म्हटलं, अजून काय पायजे भाऊ? तं म्हणे, तुमचा पंचा डाव्या काठाले सैल येऊन राहिला. मी म्हटलं, मंग बसा तुमीच. मी राग राग म्हटलं होतं. तो खरंच बसला.

"तवापासून होते?" ऋतुजाने विचारलं. कळत नकळत तिची भाषा टांडापेठेवर आली होती.

"हाव. ओसरीत झोपाचे. दिवसभर इनाचे. दोन टाइम जेवाचे अन् जास्तीचं म्हटलं तं एक चहा. रोयत पहिले चिडला माह्यावर. कोठचा कोण बुढा आणून ठेवला म्हणे. मंग त्यालेही सवय झाली."

"घरचं काई बोलले?"

"मी एक डाव इचारलं, घरी कोण हाय गा भाऊ? तं म्हणे, घर हाय, माग नाई. मंग मी कायले इचारू? जास्ती इचारलं असतं तं गेले असते. त्याइचं थांबणं मले पायजे होतं, खोटं कायले बोलू."

त्यांनी बोटाने तो काळा चौकोन दाखवला. संक्रांतीनंतर मधुकररावाचा माणूस गल्लीत फिरला होता. पुरा माग कोणाकडे आहे, नागपूरच्या लोकांना पाहिजे. त्यांच्या मुलाला, रोहितला, पुढच्या खोलीत मोबाइलचं दुकान टाकायचंच होतं.

"लोकाइले आता माग पायजे," कौसल्याबाई म्हणाल्या. "लुगडं नाई पायजे."

वैभवीने मान खाली घातली.

"मी रोयतले म्हटलं, शालिकभाऊइले काय सांगाचं? त्यानं सांगतलंच सरळ. ते हाव म्हणाले. ताणा चढलेला होता, तो पुरा करतो म्हणे, तवर थांब. रोयत थांबला. खोटं नाई बोलत, माह्या पोट्ट्यानं तेवढं आयकलं. पंचे पुरे झाले. मंग सोताच खोलाले बसले. रोयत हातोडा घेऊन आला तं त्याले म्हणे, तू नोको, तू तोडशीन. दोन दिवस लागले. चिंध्या मांगल्या माह्यापाशी. फणीतले धागे तसेच ठेवले, गाठ मारून बांधले."

"अन् हा धोटा?"

"आमचा फुटका होता ना. मधुकरराव आला पाहाले, तं म्हणे धोटा चांगला पायजे, गिऱ्हाईक खट हाय, पुरा माग पायजे म्हणते. शालिकभाऊनं इचारलं, गिऱ्हाईक कोण होय? तं त्यानं सांगतलं, नागपूरची ऋतुजा मॅडम म्हून कोणी हाय, धरमपेठात." कौसल्याबाई थांबल्या. "तुहं नाव काय होय, पोरी?"

ऋतुजाने नाव सांगितलं.

बाहेरून एक मोटारसायकल गेली. पोत्याच्या कडेने मुंग्या ओल्या सिमेंटपर्यंत येत होत्या आणि वळून परत जात होत्या.

"मले मालूम नव्हतं वं," कौसल्याबाई म्हणाल्या. "त्याइनं काईच नाई म्हटलं. आडनाव इचारलं मधुकररावाले. त्यानं सांगतलं. मंग थैलीतून धोटा काढला अन् फणीवर ठेवला. म्हणे, आता पुरा हाय."

*

रोहित दुपारी घरी आला. तिशीचा, हाताला रंग लागलेला. दारात चारचाकी पाहून त्याला वाटलं व्यवहारात काही बिघडलं. खरी गोष्ट कळली तेव्हा तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला आणि विचारलेल्याच प्रश्नांची उत्तरं देत गेला.

माग मंगळवारी गेला. बुधवारी सकाळी म्हाताऱ्याने थैली भरली. रोहितने त्याला मोटारसायकलवरून बसस्टँडवर सोडलं.

"कुठे जायचं म्हणाले?"

"काईच नाई म्हणाले. मीच म्हटलं, बाबाजी, आंधळगावले माग चालू हायत अजून, कोशाच्या रेशमाचे. भंडाऱ्याची गाडी पकडा, तेथून मोहाडीकडची भेटीन. हाव म्हणाले."

"म्हणजे तिकडेच गेले?"

"हाव म्हणाले," रोहित परत म्हणाला. "पण ते सगळ्यालेच हाव म्हणत होते. माग इकतो म्हटलं तवाही हाव म्हणाले."

"गाडीत बसलेले पाहिलं?"

त्याने आईकडे पाहिलं. "नाई. मले कामावर जाचं होतं. बाकड्यावर बसले होते मी निघालो तवा."

तब्येत बरी होती का, या प्रश्नावर कौसल्याबाई म्हणाल्या की खोकला होता, पण तो सगळ्या विणकरांना असतो. पैसे होते का? रोहितने दिले होते, त्यांनी घेतले नव्हते. पंचे विकून आलेले थोडे असतील.

निघताना कौसल्याबाईंनी ऋतुजाचा हात धरला. "तू कायले आली असशीन ते मले समजते. मी त्याइले थांबवलं असतं तं थांबले असते का, हे मी रोज सोताले इचारून राहिली. पण थांबवून बसवू कोठी? त्या पोत्यावर?"

गाडीत बसल्यावर वैभवीने किल्ली लावली, पण गाडी चालू केली नाही.

"माग नको घ्यायला का? तू सांग. मी क्लायंटशी बोलेन."

ऋतुजाने विचार केला. माग परत केला तर रोहित तो परत घेणार नव्हता. घेतला तरी तो ठेवणार कुठे? मधुकरराव पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाला देतील, आणि तो दुसरा फणी वेगळी विकेल, लाकडांची टेबलं करेल.

"घ्या," ती म्हणाली. "निदान एका ठिकाणी राहील."

"आणि धोटा?"

"तो मी नेते."

"अर्थात," वैभवी म्हणाली. गाडी चालू करत ती म्हणाली, "ऋतुजा, तुला नुसतं काम सांगितलं होतं गं मी. तूही नुसतं काम केलंस."

वैभवी चांगल्या मनाने बोलत होती, आणि तिचं म्हणणं खरंही होतं. त्याचा उपयोग मात्र होत नव्हता. बसस्टँडवर जाऊन त्यांनी बाकडी पाहिली, चौकशीच्या खिडकीवर फोटो दाखवला, पानठेल्यांवर विचारलं. बुधवारी कोण कुठल्या बसमध्ये चढलं हे रविवारी कुणाला आठवणार? एका ठेलेवाल्याने फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "असे तं रोजचेच हायत, ताई." आंधळगावला ऋतुजाची ओळख नव्हती. मधुकररावांनी तिथल्या एका व्यापाऱ्याचा नंबर दिला. तो लागला नाही. अंधार पडायच्या आत त्या नागपूरला पोचल्या. माग टेम्पोतून मागून येत होता.

*

टांडापेठेतल्या घरी आई पुष्पलताबाई भाजी निवडत होत्या. ऋतुजाने धोटा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो उचलला, मण्यावरून अंगठा फिरवला आणि खाली ठेवला. मग सगळं ऐकून घेतलं. संजीव दाराशी उभा होता. ऋतुजाचं सांगून झाल्यावर तोच पहिल्यांदा बोलला.

"त्याइले मालूम होतं? तूच घेऊन राहिली हे?"

"आडनाव विचारलं त्यांनी."

"मंग?"

"मंग काय," पुष्पलताबाई म्हणाल्या. "पोरीले धोटा पाठवला. मी हाय म्हून सांगतलं. ज्याले जीव द्याचा हाय तो कायले धोटा पाठवीन?"

"आई, उलटं हाय ते," संजीव म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "ज्याले अजून मागावर बसाचं हाय, तो धोटा देत नाई. तूच सांगाची ना आमाले, विणकर उपाशी राहीन पण धोटा गहाण ठेवणार नाई म्हून? आता हातात काय घेऊन गेले ते?"

"त्याइले दुसरा भेटीन."

"ते दुसरा घेणारे हायत काय?"

पुष्पलताबाई टाइलवर बसल्या होत्या. संजीवने पाहिलं आणि नजर बाजूला केली. या दोन वर्षांत घरात त्याला कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं. बोललं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, असं त्याच्या बायकोने एकदा ऋतुजाला सांगितलं होतं.

"शनिवारचं काय करू?" त्याने विचारलं. "गुरुजीले काय सांगू? जिवंत माणसाचं करून टाकलं तं पाप. अन् नसलेल्याचं नाई केलं तं तेही."

"जिवंत हाय," आई म्हणाली.

"बुधवारी होते, आई. एवढंच मालूम हाय."

ऋतुजाला वाटलं की तिनेही काहीतरी बोलावं. दोघांपैकी एकाचं खरं असणार. पण बाबांनी धोटा फणीवर ठेवला तेव्हा तो तिला पाठवला की तिच्या गिऱ्हाइकीत टाकून दिला, हे तिला कळत नव्हतं. 'आता पुरा हाय' हे चार माणसांसमोर बोललेले शब्द होते. त्यात राग होता का, हे तिने कौसल्याबाईंना विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं, हे तिला गाडीतच सुचलं होतं, आणि तिने वैभवीला गाडी वळवायला सांगितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी कोराडीला न जाता संजीव मोटारसायकल घेऊन आंधळगावला गेला. ऋतुजाने ऑफिसातून दर तासाला फोन केला. धरमपेठेतल्या त्या कॅफेत त्याच दुपारी माग जोडला गेला. लाल चिंधी लाल चिंधीला लावत सुताराने तो एकट्याने उभा केला. खाली खड्डा नव्हता, त्यामुळे तो चालणार नव्हता. चालण्यासाठी तो घेतलाच नव्हता. वैभवीने फोटो पाठवला नाही. कॅफेच्या मालकाने पाठवला.

आंधळगावात संजीव घरोघर फिरला. बहुतेकांनी फोटो पाहून मान हलवली. संध्याकाळी एका घरातल्या बाईने सांगितलं की गुरुवारी की शुक्रवारी, नक्की आठवत नाही, एक म्हातारा दाराशी आला होता. तुमचा माग चालू आहे का, असं त्याने विचारलं. त्यांचा माग होळीपासून बंद होता. तसं तिने सांगितलं. फोटोतला माणूस तोच का, हे तिला सांगता येईना. संध्याकाळची वेळ होती आणि त्याच्या डोक्याला शेला गुंडाळलेला होता. खोकत होता एवढं तिला आठवत होतं.

गुरुजींना संजीवने अजून काहीच कळवलेलं नाही. अमावास्या शनिवारी आहे.

आंधळगावची ती बाई म्हणाली की त्याने पाणी मागितलं, ती आत गेली आणि तांब्या घेऊन बाहेर आली तेव्हा तो दारात नव्हता. गल्लीच्या एका टोकाला मोहाडीचा रस्ता आहे आणि दुसऱ्या टोकाला तलाव. तो कोणत्या बाजूने गेला, हे तिने पाहिलं नाही.